सेवेचा मोबदला

एखाद्या ख्रिस्ती मंडळीने दवाखाना उघडला, शाळा चालवली, मोहल्ल्यातल्या आजाऱ्याच्या घरी चार दिवस डबा पोचवला, की आपल्याकडे त्यावर दोन ठरलेली मते ऐकू येतात. एक म्हणते, हे आमिष आहे. आज औषध देतील, उद्या बाप्तिस्मा मागतील. दुसरे मत भल्या माणसांचे असते. धर्माचे सोडा हो, काम मात्र चांगले करतात, असे ते म्हणतात. पहिले मत संशयाचे आणि दुसरे कौतुकाचे, पण दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. श्रद्धा आणि सेवा या दोन सुट्या वस्तू आहेत. एक दुसरीच्या आड लपते, किंवा एक बाजूला ठेवून दुसरी घेता येते, ही ती समजूत. मला ती चुकीची वाटते. ल्यूथरन परंपरेच्या बाबतीत तर ती मुळातच चुकीची आहे, आणि गोंदियासारख्या गावी बसून विचार केला की ते अधिक स्पष्ट दिसते.

गोंदिया हे जंक्शनचे गाव. मुंबई-हावडा मार्ग इथून जातो. एक फाटा बालाघाटवरून जबलपूरला, दुसरा नागभीडवरून बल्लारशाहला. रेल्वेमागे राईस मिल आल्या, तेंदूपत्ता आणि बिडी आली, मारवाडी, गुजराती, सिंधी व्यापारी आले, छत्तीसगडी मजूर आले, रेल्वेच्या नोकरीत तेलुगू बोलणारी कुटुंबे आली. बाजारात हिंदी, घरात कुठे मराठी, कुठे पोवारी, कुठे छत्तीसगडी, आणि पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात गोंडी. एका वस्तीत देवीचे मंदिर, पलीकडे बुद्धविहार, त्यापलीकडे मशीद. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी आहेत. निरनिराळ्या पंथांच्या त्यांच्या लहानलहान मंडळ्या आहेत. ल्यूथरन परंपरेची जवळची मोठी घरे सातपुड्यात, छिंदवाडा आणि बैतुल जिल्ह्यांत आहेत. स्वीडनमधले मिशनरी 1877 पासून त्या भागात आले, आणि 1949 पासून तिथले चर्च स्वतःच्या पायांवर उभे राहून स्वतःचा कारभार करू लागले. हे आपल्याला परके वाटते, पण 1956 पर्यंत बैतुल, छिंदवाडा आणि आजचा गोंदिया हे सगळे मुलूख एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. सौसर-पांढुर्ण्याकडे, मुलताईकडे आजही मराठी घरे आहेत. तेव्हा ही गोष्ट शेजारची आहे.

इतक्या लहान मंडळीने शहरात राहायचे कसे? आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक राहून आणि शेजाऱ्याला न फसवता? या प्रश्नाचे उत्तर शोधायला ल्यूथरकडे जावे लागते, कारण हा प्रश्न त्याने पाचशे वर्षांपूर्वी वेगळ्या कारणाने सोडवून ठेवला आहे.

1517 साली मार्टिन ल्यूथरने विटेनबर्गमध्ये जो वाद उभा केला तो एका विक्रीविरुद्ध होता. पैसे भरा, क्षमापत्र घ्या, तुमची किंवा तुमच्या मेलेल्या आप्तांची पापाची शिक्षा कमी होईल, अशी ती विक्री. ल्यूथरचा आक्षेप नुसत्या भ्रष्टाचाराला असता तर तो दहा वर्षांत विसरला गेला असता. त्याचे म्हणणे त्याहून खोल होते. देवाची कृपा विकत मिळतच नाही. पैशाने नाही, यात्रेने नाही, उपासतापासाने नाही. आणि इथेच तो थांबला नाही, सत्कर्मानेही नाही. ती फुकट मिळते आणि माणसाने ती विश्वासाने घ्यायची असते.

यावर लगेच विचारले गेले, आजही विचारले जाते: मग माणूस चांगले वागेल कशाला? पुण्याचा हिशेबच नसेल तर परोपकार कोण करील? 1520 साली लिहिलेल्या 'ख्रिस्ती माणसाचे स्वातंत्र्य' या छोट्या पुस्तकात ल्यूथरने याचे उत्तर दिले. देवाला तुमच्या सत्कर्माची गरज नाही, हे एकदा मान्य केले की सत्कर्म मोकळे होते. ते आता स्वर्गाच्या खात्यावर जमा करायचे नाही. मग ते कोणासाठी? ज्याला त्याची गरज आहे त्याच्यासाठी, म्हणजे शेजाऱ्यासाठी. स्वतःच्या उद्धाराची चिंता मिटलेला माणूसच दुसऱ्याकडे खऱ्या अर्थाने पाहू शकतो, कारण त्या दुसऱ्याला शिडी करून त्याला कुठे चढायचे नसते. पुढे याच विचारातून त्याने रोजच्या कामाला प्रतिष्ठा दिली. बाळाचे लंगोट धुणारा बाप, घर झाडणारी बाई, निवाडा करणारा न्यायाधीश, यांचे काम मठातल्या जपतपापेक्षा उणे नाही, असे तो सांगू लागला. मराठी वाचकाला इथे अरणच्या सावता माळ्याची आठवण होणे साहजिक आहे.

आता या विचाराच्या उजेडात आमिषाचा आरोप पाहावा. एखादी मंडळी तांदूळ, औषध किंवा शाळेची फी देऊन त्याच्या मोबदल्यात धर्मांतर मागत असेल, तर ती नेमके काय करते? ती कृपा विकते. फक्त चलन बदललेले असते. तेव्हा गिऱ्हाईक पैसे देऊन क्षमा घेत असे; इथे गरजू माणूस आपली श्रद्धा देऊन तांदूळ घेतो. व्यवहार तोच. म्हणून असा व्यवहार करणारी ल्यूथरन मंडळी कायद्याची गुन्हेगार ठरण्याआधी ल्यूथरची अपराधी ठरते. आमिषावरची सर्वांत कडक टीका हिंदुत्ववाद्याने किंवा सरकारी समितीने करण्याची वाट पाहू नये; ती मंडळीच्या स्वतःच्या व्यासपीठावरून, दर रविवारच्या संदेशातून व्हायला हवी.

हे पुस्तकी बोलणे आहे असे कोणी म्हणेल. म्हणून एका मराठी राजाची गोष्ट सांगतो, जी महाराष्ट्रात जितकी माहीत असायला हवी तितकी नाही.

ख्रिस्टियन फ्रीडरिश श्वार्ट्झ हा प्रशियातला ल्यूथरन धर्मोपदेशक 1750 साली तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरला. ल्यूथरन मंडळी तिथे 1706 पासून होती. भारतातले प्रॉटेस्टंट मिशन तिथेच सुरू झाले. श्वार्ट्झ तामिळ शिकला, फारसी आणि हिंदुस्तानी शिकला, आणि तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारासाठी मराठीही शिकला. तंजावर म्हणजे गोंदियासारखाच धानाचा मुलूख. 1780 च्या दशकात युद्ध आणि दुष्काळाने तो उद्ध्वस्त झाला तेव्हा श्वार्ट्झने तांदूळ विकत घेऊन लोकांना वाटला. दरबाराच्या जुलमाला कंटाळून हजारो शेतकरी जमीन सोडून गेले होते. पेरणीचा हंगाम चालला होता. राजाच्या वचनावर ते परतेनात. श्वार्ट्झने आपला शब्द दिला आणि ते परतले. हा शब्द त्याने कोणाच्या धर्माच्या बदल्यात दिला नव्हता.

1787 साली राजा तुळजाजी मरणाच्या दारी असताना त्यांनी दहा वर्षांचा दत्तक मुलगा सरफोजी याला श्वार्ट्झच्या भरवशावर सोपवले. पुढे गादीवर तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग बसले, मुलाचे हाल झाले, दत्तकविधानच बेकायदा ठरवले गेले. श्वार्ट्झने त्या मुलाला मद्रासला हलवण्यासाठी, शिकवण्यासाठी, त्याचा हक्क सिद्ध करण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे खर्च केली. 13 फेब्रुवारी 1798 रोजी तो वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले.

आता मुद्दा असा, की ज्याला लहानपणापासून ल्यूथरन पाळकाने वाढवले, तो सरफोजी ख्रिस्ती झाला का? नाही. ते शेवटपर्यंत निष्ठावंत शैव राहिले. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा मराठी इतिहास त्यांनीच कोरून घेतला. काशीयात्रा केली, अन्नछत्रे चालवली, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, धन्वंतरी महालात औषधांचे आणि नेत्रचिकित्सेचे काम करवून घेतले. आणि याच राजाने स्वतःच्या खर्चाने लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून श्वार्ट्झचे संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवले. त्यात मरणशय्येवरच्या गुरूला भेटायला आलेला सरफोजी दिसतो. गरीब ख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी धर्मादाय व्यवस्थाही लावून दिली.

जो या सेवेला यशस्वी मानत नाही, कारण राजा ख्रिस्ती झाला नाही, त्याला ल्यूथर कळलेला नाही. आणि जो म्हणतो की श्वार्ट्झने धर्म बाजूला ठेवला म्हणून हे घडले, त्याला श्वार्ट्झ कळलेला नाही. तो रोज उपदेश करी, वाद घाली, मुलाच्या धर्माबद्दलची आपली इच्छाही त्याने झाकून ठेवली नव्हती. त्याने एवढेच केले की त्या इच्छेवर मुलाचे अन्न, शिक्षण, हक्क, यांतले काहीही टांगून ठेवले नाही. श्रद्धा लपवणे आणि श्रद्धेची किंमत मागणे यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा असते. त्या जागेत हा माणूस जवळजवळ पन्नास वर्षे जगला.

गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. सरफोजींच्या राज्यारोहणाचा फायदा कंपनी सरकारने घेतला. 1799 च्या तहाने तंजावरचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि राजाच्या हाती किल्ला आणि तनखा उरला. श्वार्ट्झ कंपनीचा हस्तक नव्हता, पण कंपनीची सत्ता नसती तर त्याच्या शब्दाला दरबारात तेवढे वजन मिळाले नसते. मिशनच्या सेवेवर साम्राज्याची ही सावली दीडशे वर्षे राहिली. तिच्यामुळेच पुढच्या पिढ्यांना प्रत्येक दवाखान्यामागे गोरा साहेब दिसू लागला, आणि त्यांना तो दिसला यात त्यांची चूक नव्हती.

आपल्या बाजूला ल्यूथरन लोक याहून बरेच गरिबीने आले. बर्लिनच्या गॉसनर मिशनने 1840 च्या सुमारास गोंडांमध्ये काम करायला काही कारागीर-मिशनरी पाठवले. ते नर्मदेच्या उगमाजवळ कारंजियाला राहिले आणि पहिल्याच पावसाळ्यात बहुतेक जण साथीने गेले. उरलेल्यांपैकी दोघे पुढे नागपूरला स्टीफन हिस्लॉपच्या स्कॉटिश मिशनच्या कामात सामील झाले. याच पट्ट्यात पुढे 1893 साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले असता डब्यातल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. ती गाडी आजच्या गोंदिया जिल्ह्यातूनच गेली असणार, त्या दोन गावांमधला लोहमार्ग हाच. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो पुष्कळ वाचून, पुष्कळ झगडून, आणि बायकोमुलांचा वियोग पत्करून. त्यांना कोणी तांदूळ दिला नव्हता. उलट होते ते सगळे सुटले. टिळक ल्यूथरन नव्हते. पण आयुष्याच्या शेवटी, 1917 मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात जो 'देवाचा दरबार' उभारला त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसणार होते. मंडळीची कुंपणे खाली घेण्याचा असा विचार करणारा मराठी माणूस शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला, आणि आपण त्यांची फक्त बालकविता लक्षात ठेवली.

यानंतर येते ती नियोगी समिती, आणि तिच्यापाशी थोडे थांबायला हवे.

एप्रिल 1954 मध्ये मध्य प्रदेश सरकारने, म्हणजे नागपूरच्या सरकारने, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी. सदस्यांत वर्ध्याचे गांधीवादी ख्रिस्ती प्राध्यापक एस. के. जॉर्ज होते. समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली, अकरा हजारांहून अधिक लोकांना भेटली. रायगढ-सरगुजा भागातल्या ल्यूथरन आणि कॅथलिक मिशनांच्या कामाची तिने बारकाईने छाननी केली. 1956 मध्ये अहवाल आला. परदेशी पैसा येतो, कर्ज, शाळा, दवाखाने यांच्या आधाराने आदिवासींचे धर्मांतर होते, असा निष्कर्ष त्यात होता. ज्यांचा मुख्य हेतू धर्मांतर आहे त्या परदेशी मिशनऱ्यांनी परत जावे आणि वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी वापर करण्यास कायद्याने बंदी करावी, अशा शिफारशी होत्या. पुढे 1968 चा मध्य प्रदेशाचा धर्मस्वातंत्र्य कायदा याच वाटेने आला, आणि 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

हा अहवाल ख्रिस्ती लोकांनी एका झटक्यात फेटाळला आणि त्यांच्या विरोधकांनी तो पोथीसारखा जपला. मला दोन्ही पटत नाही. उपाशी माणसाला कर्ज देऊन मग त्याच्या धर्माची विचारपूस करणे हे पाप आहे, असे अहवाल सांगत असेल तर तो बरोबरच सांगतो. पण आदिवासी माणूस स्वतः विचार करून धर्म बदलूच शकत नाही, त्याला नेहमी कोणीतरी फसवतेच, ही त्यामागची गृहीत धरलेली गोष्ट अपमानकारक आहे. आणि तिचे उत्तर त्याच वर्षी, त्याच नागपुरात मिळाले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. हिंदू धर्म सोडण्याच्या त्यांच्या येवल्याच्या घोषणेला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. एवढा काळ विचार करून उचललेले ते पाऊल होते. दीक्षा घेणाऱ्यांत खुद्द भवानीशंकर नियोगी होते.

गोंदिया-भंडाऱ्यातल्या शेकडो वस्त्यांत त्या दिवसाने घरातले देव बदलले, नावे बदलली, मान वर झाली. म्हणून या भागात धर्मांतर या गोष्टीवर सरसकट संशय घेणे म्हणजे आपल्या शेजारच्या बौद्ध मोहल्ल्याच्या स्वाभिमानावर बोट ठेवणे आहे. आणि ख्रिस्ती मंडळीलाही दीक्षाभूमीकडून शिकण्यासारखे आहे. तिथे आलेल्यांना मोबदला म्हणून काही मिळाले नव्हते. उलट अनुसूचित जातीच्या सवलती जाण्याचा धोका होता, आणि त्या खरोखर गेल्या. बौद्धांना त्या परत मिळायला 1990 उजाडले. ख्रिस्ती दलितांना त्या आजही नाहीत. धर्म बदलून ज्यांच्या हातचे असलेलेही जाते, त्यांनी तो आमिषाने बदलला असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्ये बदलली. भंडारा मुंबई राज्यात गेला, बैतुल नव्या मध्य प्रदेशात राहिला. आणि वातावरण असे संशयाने भरलेले असतानाच, 1958 साली, बैतुलजवळच्या पाढर या गावी ल्यूथरन चर्चचे रुग्णालय डॉ. क्लेमेंट मॉस यांनी उभे केले. नागपूर-भोपाळ रस्त्यावरचे ते गाव, भोवती गोंड आणि कोरकूंची वस्ती. छोट्या सुरुवातीपासून ते मोठे रुग्णालय झाले, नर्सिंगची शाळा निघाली, विदर्भातूनही रुग्ण जाऊ लागले. अहवालाला दिलेले हे उत्तर होते असे मी म्हणणार नाही. पण अहवालाने विचारलेल्या प्रश्नाची रोज परीक्षा देत ते रुग्णालय चालले हे नक्की.

2011 च्या जुलैत तिथे छातीपोटाशी जोडलेल्या जुळ्या मुली जन्मल्या. आईबाप गरीब, त्यांना घरी नेऊन वाढवणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. मुली रुग्णालयाकडेच राहिल्या. जवळजवळ वर्षभर तिथल्या परिचारिकांनी त्यांना न्हाऊमाखू घातले, झोपवले, बोलायला शिकवले. 20 जून 2012 रोजी देशातल्या आणि परदेशातल्या डॉक्टरांनी एकत्र येऊन, बारा तासांच्या आसपास चाललेल्या शस्त्रक्रियेने त्यांना वेगळे केले. दोनच आठवड्यांत एक गेली. दुसरी जगली.

या घटनेत मोबदला कोणता होता? वर्षभराच्या मुलीचा बाप्तिस्मा हा कोणाचा विजय नसतो. आईबापांकडे देण्यासारखे काही नव्हते. यश येईल याची खात्रीही नव्हती, आणि अर्धे अपयश आलेच. तरी कोणीतरी रात्री उठत होते. दुसऱ्या मताची मंडळी, धर्माचे सोडा म्हणणारी, त्यांना मी विचारीन: वर्षभर रात्री उठण्याचे हे बळ कुठून येते असे तुम्हाला वाटते? काहींना ते मानवतेतून येत असेल, आणि त्यांना माझा नमस्कार. पण त्या परिचारिकांपैकी कित्येकींना ते रविवारच्या उपासनेतून, प्रभुभोजनाच्या मेजावरून, लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकलेल्या गोष्टींतून येत असणार. ते सोडा म्हणणे म्हणजे विहीर बुजवा पण पाणी राहू द्या म्हणणे. 1527 साली विटेनबर्गमध्ये प्लेग आला, विद्यापीठ येनाला हलले, ल्यूथरला जा म्हणून सांगण्यात आले. तो आणि त्याची गरोदर बायको काटारीना थांबले, त्यांचे घर आजाऱ्यांनी भरले. पळून जावे की नाही, यावर त्याने तेव्हा एक लांब पत्र लिहिले. त्याचा सूर असा की ज्याच्यावर कोणाची जबाबदारी नाही त्याने जरूर जावे. पण पाळक, वैद्य, गावचा कारभारी आणि ज्याच्या आजारी शेजाऱ्याला दुसरे कोणी नाही असा शेजारी, यांनी जाऊ नये. श्रद्धा आणि सेवा यांना सुटे करणाऱ्याने ते पत्र कोणत्या कप्प्यात ठेवायचे?

मग वॉर्डात सकाळी प्रार्थना होते तिचे काय? मिशनच्या बहुतेक रुग्णालयांत ती होते. माझे उत्तर साधे आहे. रुग्ण नको म्हणू शकतो का, आणि नको म्हटल्यावर त्याच्या खाटेत, औषधात, बिलात, नर्सच्या आवाजात काही फरक पडतो का? पडत नसेल तर प्रार्थना खुशाल व्हावी. पडत असेल, अगदी आवाजातही पडत असेल, तर ती बंद व्हावी, आणि बंद करण्याची मागणी पहिल्यांदा चर्चच्याच पंचांनी करावी.

ल्यूथरचा मोठेपणा सांगताना त्याचा डागही सांगायला हवा, नाहीतर हे लिहिणे अप्रामाणिक ठरेल. शेजाऱ्याबद्दल इतके सुंदर लिहिणाऱ्या या माणसाने 1525 मध्ये बंडखोर शेतकऱ्यांना ठार करण्याचे आवाहन केले, आणि 1543 मध्ये ज्यूंविरुद्ध असे विषारी पुस्तक लिहिले की नाझींनी ते आनंदाने वापरले. शेजारी कोण, या प्रश्नावरच तो घसरला. जगभरच्या ल्यूथरन चर्चेसच्या महासंघाने 1984 च्या बुडापेस्ट अधिवेशनात त्याची ती लिखाणे उघडपणे नाकारली, आणि त्याच अधिवेशनात वंशभेद न सोडणाऱ्या, आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या गोऱ्या चर्चेसचे सदस्यत्व स्थगित केले. ज्याच्या नावाने पंथ ओळखला जातो त्यालाच चूक म्हणण्याची हिंमत फार थोड्या धर्मसमूहांत असते. भारतातल्या चर्चला जातीच्या बाबतीत अजून तेवढी हिंमत झालेली नाही. लग्न जुळवताना मंडळीत काय विचारले जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शेजारी कोण याचे गोंदियातले उत्तर शोधायचे तर सालेकसा तालुक्यात जावे. कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला गोंडांची मोठी जत्रा भरते, अनेक राज्यांतून लोक येतात. गोंडांचे धर्मगुरू पारी कुपार लिंगो आणि माता जंगो रायताड यांची ही भूमी. त्यांची देवकुळे आहेत, त्यांचा पेनठाणा म्हणजे देवस्थान आहे, कोया पुनेम हा त्यांचा धर्म आहे. मिशनरी आला तेव्हा त्याला इथे कोरी पाटी दिसली. नंतर आलेल्या हिंदू प्रचारकालाही तीच दिसली. 1932 साली इंग्रज धर्मोपदेशक व्हेरियर एल्विन आणि त्यांचे मराठी ख्रिस्ती सोबती शामराव हिवाळे त्याच कारंजियाला जाऊन राहिले, जिथे नव्वद वर्षांपूर्वी गॉसनरची माणसे मेली होती. गोंडांना ख्रिस्ती करण्याचे काम आपण करणार नाही, असे एल्विननी ठरवले. नागपूरच्या बिशपशी त्यांचे बिनसले आणि काही वर्षांत त्यांनी चर्चच सोडले. चर्चने त्यांना आत ठेवण्याची जागा शोधायला हवी होती असे मला वाटते. श्वार्ट्झच्या परंपरेत ती जागा होती. कचारगडला जाणाऱ्याचा देव खरा की खोटा हा वाद मंडळीने जरूर घालावा, तो माणूसही घालील; पण त्याला देवच नाही असे समजून त्याच्या दारी जाऊ नये.

आता गोंदियाच्या एखाद्या मोहल्ल्यातली वीस-पंचवीस कुटुंबांची मंडळी डोळ्यांपुढे आणतो. तिच्याकडे पाढरसारखे रुग्णालय नाही, परदेशी पैसा नाही, तो असावा असेही मला वाटत नाही. मिशनच्या काळाने आपल्याकडच्या चर्चला दोन जड वारसे दिले: कंपाउंडची भिंत आणि कंपाउंडची जमीन. भिंतीमुळे ख्रिस्ती माणूस शहरात राहूनही शहराबाहेर राहिला, आणि जमिनीमुळे अनेक चर्चेसची उमेद कोर्टकज्ज्यांत गेली. लहान मंडळीवर हे ओझे नसते. तिचा शेजारी भिंतीपलीकडे नसतो, भिंतीला भिंत लागून असतो. तो बिडी वळणारी बाई आहे, राईस मिलमधला हमाल आहे, हंगाम संपला की मिरची तोडायला तेलंगणात जाणारे कुटुंब आहे.

आणि तो सिकलसेल असलेले मूलही आहे. पूर्व विदर्भात, गोंडांत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात हा रक्ताचा आनुवंशिक आजार खूप आहे. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे-सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होते. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या नियमाने घेतल्या, पाणी भरपूर प्यायले, ताप आला की लगेच दवाखाना गाठला, तर आयुष्य पुष्कळ सुसह्य होते. सरकारने 2023 मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली. 2047 पर्यंत आजार हटवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी होते, कार्ड मिळते. कमी पडते ते पुढचे: गोळ्या संपल्या का हे विचारणारे कोणी, रात्री वेदना उठल्यावर सोबत येणारे कोणी, लग्नाआधी दोघांची कार्डे जुळवून पाहा असे प्रेमाने सांगणारे कोणी, रक्ताची बाटली लागली तर रक्त देणारे कोणी. याला डॉक्टर लागत नाही. एका मोहल्ल्यातल्या दहा मुलांची नावे लिहिलेली वही आणि ती वही वर्षानुवर्षे न सोडणारी चार घरे लागतात.

हे काम करताना मंडळीने आपली प्रार्थना लपवू नये, क्रूस उतरवू नये. कोणी विचारले की तुम्ही हे का करता, तर खरे ते सांगावे. पण वहीत त्या मुलांच्या धर्माचा रकाना नसावा. खर्चाचा हिशेब हिंदी-मराठीत चर्चच्या दारावर लावावा. मदतीच्या समितीत विहारातला एक, मशिदीतला एक, कचारगडला जाणारा एक माणूस असावा, आणि मोबदला मागितल्याची तक्रार आली तर ती ऐकण्याचा अधिकार त्यांना असावा. यातल्या कशालाही परदेशी देणग्यांच्या एफसीआरए कायद्याची परवानगी लागत नाही, बिशपच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. येत्या रविवारी उपासना संपल्यावर पंचांच्या बैठकीत हा ठराव मांडता येईल.